वळणावरचं कपाट

७ जानेवारी

धाकट्या,

अकरा वर्षांनी तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं. फोडलं तर आत ‘महोदया’. मी दोनदा वाचलं. मी नऊ-दहा वर्षांची असताना तुला कडेवर घेऊन बाबांच्या प्रेसच्या दारात उभी राहायचे, तुझं नाक माझ्या फ्रॉकला पुसलेलं असायचं. आता मी महोदया. बरं. महोदयेनं पत्र वाचलं, जोडलेला फॉर्म वाचला, फॉर्मच्या मागची बारीक अक्षरंही वाचली. चाळीस वर्षं प्रूफं तपासण्यात गेली आहेत माझी.

‘खाजगी मालकीच्या रिकाम्या इमारतीचा अग्निशमन प्रशिक्षणासाठी तात्पुरता वापर : मालकांचं संमतिपत्र.’ त्यात मालक म्हणून तुझी सही आहे. खाली अर्ज करणारा प्रशिक्षण अधिकारी, तिथंही तुझीच सही. म्हणजे मागणारा तू, देणारा तू, आणि मी फक्त जिथं पेन्सिलीनं फुली मारली आहेस तिथं.

इमारत एप्रिलमध्ये पाडायची आहे, हे खरं. विक्रीच्या कागदांवर आपण वकिलाकडे वेगवेगळ्या दिवशी जाऊन सह्या केल्या, समोरासमोर यायला नको म्हणून. खाली बंद प्रेस, वर तीन खोल्या, मधे तो जिना. मी ते घर सोडून या फ्लॅटमध्ये आले त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून तिथं कबुतरं राहतात. तुझ्या दलाला तिथं धूर सोडायचा आहे, जवानांना आत पाठवायचं आहे, माणसाच्या वजनाची डमी बाहेर काढायची आहे. काढा. पण या शहरात रिकाम्या इमारती काय कमी आहेत? तुमच्या स्टेशनामागचं गोदाम रिकामं आहे. कालव्यापलीकडची शाळा चार वर्षं बंद आहे, तिला बारा खोल्या आहेत. ते सगळं सोडून तुझं बोट नेमकं आपल्या घरावर का पडलं?

तुला तिथं काय शोधायचंय ते आधी लिही. मग सहीचं बघू. आणि फोन करू नकोस. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारतं. कागदावरचं नाकारता येत नाही.

ताई
(की महोदया, तूच ठरव)


१९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर मिळालं. चार मुद्दे, चारांनाही आकडे. शाळेत असताना चार ओळींचा निबंध लिहायला तुला मी चार वेळा कान धरून बसवायचे, त्या मानानं प्रगती आहे.

गोदामाला जिना नाही. मान्य. शाळेचा जिना इतका रुंद आहे की त्यावर शिकण्यासारखं काही नाही. मान्य. खरी आग लावणार नाही, धूर यंत्रातला असतो, त्यानं भिंतही काळी होत नाही. पाहू. चौथ्या मुद्द्याशी मात्र मी अडले. ‘आपला जिना अरुंद आहे, मधे काटकोनात वळतो. अशाच जिन्यांवर आजारी माणूस उतरवताना अडकतो. जवानांना ते शिकवायचं आहे.’

माणूस अडकतो. कुठला माणूस ते लिहायला तुझं पेन का अडखळलं?

तू नाही लिहीत तर मी लिहिते. बाबा दुपारी चार वाजता वरच्या खोलीत कोसळले. आत्या आणि तिचे दोन मुलगे भेटायला आले होते. मी अँब्युलन्सला फोन केला आणि तुझ्या स्टेशनलाही केला, कारण तू चार गल्ल्यांवर ड्यूटीवर होतास. तू अँब्युलन्सच्या आधी पोचलास. छातीचं दुखणं होतं, त्यांना आडवंच न्यायचं असं अँब्युलन्सवाला म्हणाला. स्ट्रेचर वळणापर्यंत आलं आणि अडकलं. वळणावर एक कपाट होतं. मग तुम्ही बंबाची मोठी शिडी मागवलीत, बाबांना परत वर नेलंत आणि रस्त्याकडच्या खिडकीतून उतरवलंत. पंचवीस मिनिटं गेली. दवाखान्याच्या दारात बाबा गेले. पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

तू कमी पडलास असं मी कधीही म्हटलेलं नाही. ते आत्या म्हणाली. ‘अख्ख्या शहराला खांद्यावरून उतरवतो, बापाला नाही उतरवता आलं.’ तेव्हापासून एक लग्न, एक वाढदिवस तिनं या वाक्याशिवाय सोडलेला नाही. आता तर तिची नातवंडंही ते म्हणतात. मी कधी दुजोरा दिला नाही. गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे दुजोरा नव्हे.

आता तुझा डाव मला कळला. घड्याळ लावून, दहा-बारा साक्षीदार उभे करून तुला दाखवायचंय की त्या जिन्यावरून उतरवणं कुणालाच शक्य नव्हतं. मग खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार? तिथं कपाट ठेवणारीच्या. मी काही दुधखुळी नाही, धाकट्या. तुझ्या आधी नऊ वर्षं या जगात आले आहे.

सही नाही.

ताई


२ फेब्रुवारी

धाकट्या,

सही केली. फॉर्म सोबत आहे.

का केली, याचा विचार करून डोकं शिणवू नकोस. मी नाही म्हटलं तर तू म्हणशील, चोराच्या मनात चांदणं. म्हणून केली. माझ्या अटी मागच्या कोऱ्या जागेत लिहिल्या आहेत. बाबांच्या खोलीचं दार फोडायचं नाही, किल्ली सोबत पाठवते आहे, ती वापरा. खिडक्यांच्या काचा फोडायच्या असतील तर मागच्या फोडा, रस्त्यावरच्या नको. लोकांना वाटतं घरात भांडण झालं. शेजारच्यांना आधी सांगा, त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीला दम्याचा त्रास आहे, तिला धूर खोटा आहे हे समजावून सांगायला कुणीतरी जबाबदार माणूस पाठव. वीज मी तोडून घेतली आहे, त्याचा कागद जोडला आहे. आणि त्या दिवशी मी हजर राहणार.

तुमच्या फॉर्मात तिसऱ्या ओळीत आहे, ‘इमारत पूर्णपणे रिकामी असावी’. मी नियम पाळला. भंगारवाल्याला बोलावून राहिलेलं सगळं दिलं. खुर्च्या, बाबांचा मोडका पलंग, तो टीनचा टब, आणि वळणावरचं ते कपाट. दोन माणसांनी फुलासारखं उचलून नेलं. हे मी का लिहितेय कोण जाणे.

तर आता तुझ्या घड्याळाला मोजण्यासारखं तिथं काही उरलेलं नाही. नुसता जिना आहे. शिकवा.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तू परवा पाहणीला येऊन गेलास. मला कळवलं नाहीस, पण समोरचा टेलर अजून जिवंत आहे आणि त्याच्या मशीनचं तोंड आपल्या दाराकडे आहे, हे विसरलास. तो काल माझ्याकडे ब्लाऊज द्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘बाई, तुमचे धाकटे आले होते. वर गेलेच नाहीत. जिन्यातच बसून होते अर्धा तास. टेप लावून भिंत मोजत होते.’

मी म्हटलं, मोजू देत, भिंत काही कमी होत नाही.

‘मग गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवायला लागले. मी विचारलं, काही पडलं का साहेब? तर म्हणाले, नाही, इथले खड्डे फार खोल आहेत.’

कसले खड्डे? त्या कपाटाच्या चार पायांचे? अरे, ती फरशी तुझ्या-माझ्या जन्माच्या आधीची, मऊ दगडाची. तिच्यावर पाण्याची घागर ठेवली तरी खूण उठायची. अकरा वर्षं एकाच जागी उभ्या राहिलेल्या कपाटाचे खड्डे पडणारच. भिंतीवर जिथं ते उभं होतं तिथला रंग जुनाच हिरवा राहिला आहे, तेही तू मोजलंस म्हणे. उंची किती भरली? मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. साडेसहा फूट.

ते कपाट मी माझ्या खोलीसाठी घेतलं होतं. हमालांनी वळणापर्यंत आणलं आणि पुढं ते वळेना. उद्या सुताराला बोलवा, कठडा काढू, मग चढवू, असं म्हणून ते तिथंच उभं करून गेले. सुतार काही आला नाही. माणूस अंग चोरून जाऊ शकत होता, म्हणून राहिलं. एवढीच त्याची गोष्ट. त्यात माझा दोष असेल तर एवढाच की सुताराच्या मागं लागले नाही. आणि ते रिकामं होतं. मी त्या दिवशीही तुला सांगितलं होतं की रिकामं आहे.

मनात काय आहे ते सरळ लिही. हे टेप लावणं, खड्डे चाचपणं मला आवडत नाही. तू ताकास तूर लागू देत नाहीस आणि वरून मला संशयी म्हणतोस.

ताई


१८ फेब्रुवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ. ‘ताई, मला फक्त एवढं सांग, ते रिकामं होतं ना?’

हो. रिकामं होतं.

ताई


५ मार्च

धाकट्या,

आज घरी येऊन पाय धुतले आणि थेट लिहायला बसले आहे. दुपारचे तीन वाजलेत. जेवले नाही.

मी आठ वाजल्यापासून टेलरच्या दुकानात होते, हे तू पाहिलं असशीलच. तू काही इकडं पाहिलं नाहीस, पण टोपी दोनदा सरळ केलीस, म्हणजे पाहिलंस. मी सगळं बघायलाच आले होते. तुम्ही पट्टी बांधून रस्ता अडवलात, कोपऱ्यावरच्या म्हातारीला तिच्या मुलीकडे पोचवलंत, ते मी मनात लिहून घेतलं. दारात एक फळा ठेवलात, आत जाणारा प्रत्येक जण स्वतःचा बिल्ला त्यावर टांगून जायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. शिट्टीवाला एक माणूस वेगळा उभा केलास. तीन शिट्ट्या झाल्या की असाल तसे बाहेर या, कारण विचारू नका. चुका शोधायला बसलेल्या बाईला एकही चूक मिळेना, तेव्हा तिची काय अवस्था होते ते तुला कळायचं नाही.

मग धूर. खिडक्यांतून पांढरा धूर आला तेव्हा, खोटा आहे हे ठाऊक असूनही, मी उठून उभी राहिले. तुझा आवाज मात्र रस्त्यापर्यंत येत होता. ‘डावा हात भिंतीवर. भिंत सोडायची नाही. दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही, हातावर विश्वास ठेवायचा.’ तू हे म्हणालास तेव्हा मी खाली बघितलं.

बारा जण, दोन-दोनच्या जोड्यांनी. खोली तपासून झाली की दारावर खडूनं फुली. बाबांच्या दारावरही फुली पडली असेल. डमी बाबांच्या खोलीत ठेवली होतीस ना? टेलर म्हणाला, बासष्ट किलो भरलीय, साहेबांनी स्वतः वाळू मोजून घातली. बाबा बासष्टच होते. मला हेही तेव्हाच कळायला हवं होतं की तू आज कुणाला उतरवणार आहेस.

पहिल्या सहा फेऱ्या नुसत्या जिन्यावरून झाल्या. सगळ्यांनी उतरवलं. मी मनात म्हटलं, संपलं, निभावलं. तेवढ्यात तुमची दुसरी गाडी आली आणि तिच्यातून चौघांनी ते कपाट काढलं. तुमच्या स्टोअरमधलं, राखाडी, साडेसहा फुटी. तू ते वळणावर नेऊन त्या चार खड्ड्यांवर उभं केलंस. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तसं माझं झालं. मी भंगारात दिलं, तर तू नवं आणलंस.

आता हा पोरांना सांगणार, असं वाटून मी टेलरच्या टेबलाची कड धरली. तू त्यांना काय सांगितलंस ते शब्द न् शब्द आठवतंय मला. ‘घरात माणसं राहतात. माणसं जिन्यात सामान ठेवतात. त्यांच्यावर चिडायचं नाही, त्यातून वाट काढायची.’

एवढंच. मी दोन महिने तुला पाण्यात पाहत होते आणि तुझ्याजवळ माझ्याविषयी एवढंच वाक्य होतं.

मग ती मुलगी पुढं आली, बारा जणांत सगळ्यांत बारीक, अर्धी माझ्या वजनाची. वळणावर एकाच माणसाला खांदा लावता येतो. तिनं लावला, एक पाय मागच्या पायरीला टेकवला आणि ढकललं. कपाट किंचाळत कोपऱ्यात गेलं. स्ट्रेचर वळलं. खोलीपासून दारापर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू नाही वाजवल्यास. पुन्हा करायला लावलंस. तीन मिनिटं तीस.

मग तू त्यांना पाणी प्यायला पाठवलंस. धूर निघून गेला होता, दार सताड उघडं होतं, टेलरच्या दुकानातून वळण सरळ दिसतं. तू कपाट ओढून परत जागेवर आणलंस आणि एकट्यानं ढकललंस. एका हातानं. ते सरकलं. तू तिथंच पायरीवर बसलास आणि टोपी काढलीस.

रस्ता ओलांडून तू माझ्याकडे आलास तेव्हा मी काय काय तयार ठेवलं होतं बोलायला! तू म्हणालास, ‘सरकतं गं ते, ताई.’

मी टेलरनं दिलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

‘अकरा वर्षं मला वाटत होतं, काहीतरी वेगळं असेल. कुठंतरी अडकलं असेल, पाय रुतले असतील. खड्डे बघून तर खात्रीच झाली होती. पण तू कार्डाला उत्तर दिलंस, आणि आज हे. नाही गं. माझेच हात गेले होते त्या दिवशी. बाबा समोर होते आणि माझे हात गेले.’

मग तू माझ्या हातातला गार झालेला चहा घेतलास, उभ्या उभ्या पिऊन टाकलास, लहानपणी माझा चहा प्यायचास तसा, आणि रिकामा कप माझ्या हातात दिलास. अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण बोललो. मी काय बोलले, धाकट्या? ‘उन्हात उभा राहू नकोस,’ म्हणाले.

तर मी जिंकले. घड्याळ लावून, बारा साक्षीदारांसमोर. कपाटामुळं काही अडलं नव्हतं, असा निकाल लागला. मला हेच हवं होतं. तुझे हात चांगले होते, एवढं मात्र आज लिहिते. तुझे हात


७ मार्च

धाकट्या,

वरचं पत्र दोन दिवस टेबलावर पडून आहे. अर्धवट वाक्यावर. मी प्रूफात अर्धवट वाक्य दिसलं की लाल पेन्सिलीनं समासात खूण करायचे आणि लिहिणाऱ्याला परत पाठवायचे. म्हणून स्वतःलाच परत पाठवलं, आता पुरं करते.

ते रिकामं नव्हतं.

त्यात बाबांचे छपाईचे खिळे होते, अक्षरांचे. चोवीस पेट्या. सगळं शिसं.

नीट सांगते, मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही. बाबांनी प्रेस बंद केला त्या वर्षी तू एकदा जेवायला आला होतास. बाबांना म्हणालास, ‘हे खिळे काढून टाका आता, बाबा. एवढं शिसं घरात कशाला? कुणाला लागतंय?’ बाबा हसले. विषय तिथंच संपला. माझा नाही संपला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात आला, ‘शिसं आहे का’ विचारत. तो त्या आठवड्यात सगळ्या गल्लीत विचारत फिरत होता, हे मला पुढं टेलरकडून कळलं. तेव्हा मला वाटलं, तूच पाठवलास. वाटलं, बाबांच्या जन्मभराच्या अक्षरांचा हा सौदा करून आला. तुला विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण संशय आला की मी विचारत नाही. कुलूप लावते.

कपाट वळणावर अडून पडलंच होतं. बाबा दुपारी झोपायचे. चार दुपारी मी खालून एकेक पेटी उचलून वळणापर्यंत नेली आणि रचली. किती जड असतात तुला माहीत आहे. मधे दोनदा पायरीवर बसले. शेवटची पेटी ठेवली, दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली साखळीत ओवून गळ्यात घातली. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, पेट्या स्वच्छ करायला दिल्यात. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. सुताराला मीच येऊ दिलं नाही. तो आला असता तर कपाट हलवताना फुटलं असतं सगळं.

आणि बरोबर नवव्या दिवशी बाबा कोसळले.

तू स्ट्रेचरचं खालचं टोक धरून वळणावर थांबलास. मागचं टोक अँब्युलन्सवाल्याकडे. मी त्याच्या मागं, माझ्या मागं आत्या, तिचे मुलगे. तू स्ट्रेचर तुझ्याबरोबरच्या माणसाच्या हातात दिलंस आणि मला ओरडून विचारलंस, ‘ताई, आत काय आहे यात?’

बाबांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे पाहत होते. आत्याचे कान तर तुला माहीतच आहेत. मी बापाच्या घरातलं त्याचंच सामान लपवून भावावर चोरीचा आळ घेऊन बसले होते, आणि ते सगळ्यांसमोर, बाबांसमोर सांगायचं होतं. दोन शब्द होते. ‘शिसं आहे.’ मी म्हटलं, ‘काही नाही रे, रिकामं आहे, ढकल ना!’

तू ढकललंस. हललं नाही. पुन्हा खांदा लावून ढकललंस, तुझ्या मानेच्या शिरा फुगल्या, तरी हललं नाही. रिकामं कपाट का हलत नाही हे तुला कळेना. मग तू तुझ्या हातांकडे बघितलंस. तसं बघितलेलं मी बघितलं, धाकट्या. किल्ली माझ्या गळ्यात होती, ब्लाऊजच्या आत. ती काढून दार उघडलं असतं आणि सगळ्यांनी मिळून पेट्या काढल्या असत्या, तर दहा मिनिटं लागली असती. पंचवीस नाही.

आणि हे सगळं झाल्यावरही बोलता आलं असतं. आत्या पहिल्यांदा ते वाक्य म्हणाली तेव्हा, दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा. तू तीन महिन्यांनी बचावाचं काम सोडलंस, बदली मागून घेतलीस आणि शिकवायला लागलास. लोक म्हणाले बढती मिळाली. मला माहीत होतं. त्यानंतर तू एकाही कॉलवर गेला नाहीस. दुसऱ्यांना ‘हातावर विश्वास ठेवा’ म्हणून शिकवत राहिलास, आणि तुझा स्वतःचा मी काढून घेतला होता. वर तुझाच राग धरला, कारण तू येईनासा झालास. कुणीतरी येऊन विचारावं अशी भीती, आणि कुणी येत नाही याचा राग. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि ही एक अकरा वर्षं तशीच छापू दिली. अठरा फेब्रुवारीला तर पुन्हा नव्यानं छापली, तू इतकं सरळ विचारलेलं असताना. कागदावरचं नाकारता येत नाही म्हणाले होते ना मी? ते कार्डाचं उत्तर जपून ठेव. माझ्या तोंडावर फेकायला लागेल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. तो शब्द माझ्या मापाचा नाही. मला रडू येतं आहे आणि अक्षर बिघडतं आहे, एवढं सांगते. तुझे हात गेले नव्हते. त्या दिवशी जिन्यात एकच माणूस धड होता, तो तू होतास.

आता ऐक. पेट्या माझ्या पलंगाखाली आहेत. बाबा गेल्यावर मी एकेक करून काढल्या आणि घर सोडताना इकडं आणल्या. चोवीसच्या चोवीस, मोजून घे. तुमची परवानगी एकतीस मार्चपर्यंत आहे, फॉर्मवर तारीख मी वाचली आहे, म्हणजे घर अजून चोवीस दिवस तुझं आहे. गाडी घेऊन ये आणि पेट्या ने. तुमच्या स्टोअरमधलं ते राखाडी कपाट पुन्हा त्याच चार खड्ड्यांवर ठेव, आणि भर. कुलूप मी लावीन. ते बाराही जण हवेत, ती बारीक मुलगी हवी. आत्याला मी घेऊन येते, मुलांसकट, नातवंडांसकट. तिला जिना चढवत नाही, पण टेलर खुर्ची देईल, तिथून वळण सरळ दिसतं.

आधी त्या मुलीला ढकलू दे. मग बाकीच्यांना. मग तू ढकल.

पण ढकलायच्या आधी मला तोच प्रश्न विचार, त्या दिवशीसारखा ओरडून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. या वेळी मी खरं सांगेन.

ताई